आकृती ३ फाटतेय

"सर, हे फाटतंय."

फ्लेक्सवाल्याने माऊसचं चाक पुढे सरकवलं आणि माझा आलेख पडद्यावर मोठा होत गेला. तुरीच्या मर रोगाचा तीन हंगामांचा हिशेब सांगणारे उभे स्तंभ, आणि त्यांच्या कडा पडक्या गढीच्या भिंतीसारख्या. शेजारच्या पडद्यावर कुणा भावी नगरसेवकाला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा देणारे चाळीसेक चेहरे रांगेने लागले होते. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आलेली. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे लग्नपत्रिकांचे गठ्ठे. त्या लगीनसराईत मी पेन ड्राइव्हमध्ये एक शोधनिबंध घेऊन घुसलो होतो.

निबंध परत आलेला होता. संपादकाने नाकारला असता तर निदान सांगायला तरी बरं होतं. पण तो संपादकापर्यंत पोचलाच नाही. तांत्रिक तपासणीतच परतला, मांडवाच्या दारातून पाहुणा माघारी लावावा तसा. आकृती १ मध्ये मोजपट्टी नाही. आकृती २ मध्ये लाल आणि हिरवा एकमेकांशेजारी. आकृती ३ चं रेझोल्यूशन अपुरं, एरर बार, म्हणजे स्तंभांवरच्या फरक दाखवणाऱ्या दांड्या, कशाचे ते लिहिलेलं नाही, आणि नमुने इतके कमी असताना स्तंभ काढण्याऐवजी प्रत्येक निरीक्षण दाखवावं. हे शेवटचं कलम मी तेव्हा नीट वाचलंच नाही. फाटण्याचं तेवढं मिटवू, मग बाकीचं बघू, म्हणून बसस्थानकासमोरच्या या दुकानात आलो. आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आम्ही दोघे, आणि दोघांनाही चित्र का फाटतं हे ठाऊक नव्हतं.

"पॉवरपॉइंटातनं काढलाव का?" त्याने विचारलं.

हो, तिथूनच काढलं होतं. पॉवरपॉइंट स्वतःहून चित्र बाहेर काढतो ते इंचाला ९६ ठिपके या मापाने. माझी जुन्या घडणीची स्लाइड १० इंच रुंद, म्हणजे सगळे मिळून ९६० ठिपके. नियतकालिकाच्या एका रकान्याची रुंदी ९० मिलिमीटर. तेवढ्या जागेत फोटो छापायचा तर इंचाला ३०० या हिशेबाने १०६३ ठिपके लागतात, आणि नुसत्या रेघांचं चित्र असेल तर हजाराच्या हिशेबाने ३५४३. मी घरी फोटोशॉप उघडून ९६ च्या जागी ३०० असा आकडा घालून आलो होतो आणि काम झालं असं समजत होतो.

"आकडा वाढला सर, ठिपके कुठनं येणार? दुधात पाणी घातलं की लिटर वाढतंय, साय नाही वाढत."

मग त्याने भिंतीवरच्या नेत्याकडे बोट केलं. वीस फुटी फ्लेक्स तो इंचाला ७२ ठिपक्यांवर, कधी त्याहूनही कमीवर काढतो. रस्त्यापलीकडून बघतात, चालून जातं. "तुमचं हे हातात धरून बघणार." सतरा वर्षं शिकवतोय, पण रेझोल्यूशन म्हणजे काय हे मला कुणी इतक्या थोडक्यात सांगितलं नव्हतं. माझ्या सहलेखकाने आकृती २ मला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. काही लाज राखावी माणसाने.

इलाज त्याच्याकडे होता. आलेख फोटो म्हणून न्यायचाच नाही, रेघांच्या रूपात न्यायचा. कोरलड्रॉ या चित्रं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये तो हेच करतो, वधू-वराची नावं पत्रिकेवर असोत की कमानीवर, कड तीच राहते. त्याने सवयीने माझी सगळी अक्षरंही 'कर्व्ह' करून टाकली, म्हणजे त्यांच्याही नुसत्या रेघा केल्या. त्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे. मराठी फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला की 'चि. सौ. कां.' चं काय होतं ते त्याने पाहिलंय. इथे मात्र त्याचं शास्त्र उलटं पडलं. नियतकालिकाच्या सूचनेत लिहिलं होतं की अक्षरं अक्षरंच ठेवा, फॉन्ट फाइलीच्या आत बसवा, आम्हाला ती बदलावी लागतात. त्याला हे पटलं नाही. "म्हणजे तुमचं काम परत तेच बिघडवणार?" मला हसू आलं. सहलेखकांविषयी माझी हीच तक्रार असते.

आमच्याकडे तूर मरत नाही, उधळते. 'औंदा समदी तूर उधळली' असं माणूस सांगतो. गुलाल उधळतात, पैसा उधळतात, बैल उधळतो. हाताशी आलेलं डोळ्यांदेखत निघून जातं. फुलावर आलेली, शेंगा धरू लागलेली तूर नोव्हेंबर-डिसेंबरात बघता बघता वाळून जाते. कारण मातीतली बुरशी, फ्युजेरियम उडम. ती मुळांतून शिरते आणि खोडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवते. रानात ओल असून झाड तहानेने जातं. खोड उभं चिरलं की आत तपकिरी-काळ्या रेघा दिसतात, आणि बाहेरून बुडापासून वर चढलेला जांभळट पट्टा. इंग्रजीत या सगळ्याला 'विल्ट इन्सिडन्स' म्हणतात आणि पुढे टक्के लिहितात. मी तसंच लिहिलं. 'उधळली'ला शब्द शोधत एक अख्खी संध्याकाळ घालवली होती खरी, पण ती संध्याकाळ निबंधात कुठेच दिसत नाही.

मोजणी सोपी होती, म्हणजे समजायला सोपी. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम आणि सोनपेठ या तीन तालुक्यांतली १६ शेतं, तीन खरीप. प्रत्येक शेतात ठरलेली तासं धरून चालायचं आणि मेलेली व जिवंत झाडं मोजायची. (तास म्हणजे पिकाची ओळ. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी घड्याळ बघू नये.) काळ्या रानात डिसेंबरात भेगा अशा पडतात की एकदा मोजणीचं पेन त्यात गेलं ते गेलंच. माझा प्रश्न वाणांचा होता. बदनापूरच्या संशोधन केंद्रातून आलेले बीडीएन ७११ आणि बीएसएमआर ७३६ हे वाण शेतकऱ्याच्या रानात, शेतकऱ्याच्या हातात, मर रोगापुढे कसे टिकतात? वहीत रकाने आखले होते: शेत, वाण, माती, पेरणीची तारीख, आंतरपीक. आंतरपिकाचा रकाना मी पहिल्या वर्षी मनाला येईल तसा भरला. तो माझा मुद्दाच नव्हता.

आकृती १ मध्ये चिरलेलं खोड होतं, शेजारी पाच रुपयांचं नाणं. शेतात फोटो काढताना हाताला लागेल ते ठेवतो आपण, नाणं, पेन, कधी किल्ली. मोजपट्टी मागितली तेव्हा लक्षात आलं की पाच रुपयांची नाणीही वेगवेगळ्या वर्षांची वेगवेगळ्या आकाराची असतात, आणि परदेशात बसलेल्या परीक्षकाने ती पाहिलेली असण्याचं कारण नाही. नशिबाने ते नाणं मी टाचणवहीच्या खिशात जपून ठेवलं होतं. व्हर्नियरने मोजलं, त्यावरून फोटोत एक सेंटिमीटर म्हणजे किती ते काढलं आणि पांढरी पट्टी आखली. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोखाली मी ऐटीत '४०० पट' लिहिलं होतं. तेही बिनकामाचं. रकान्यात बसवताना फोटो लहान झाला की ४०० पट कसली राहिली? पट्टी चित्राबरोबर लहान-मोठी होते, आकडा जागचा हलत नाही. मग स्टेज मायक्रोमीटर काढला, एका मिलिमीटरचे शंभर भाग केलेली ती काच, आणि पुन्हा फोटो घेतले. परळीकडचा एक विद्यार्थी मदतीला होता. बीजाणूंवर डोळा लावून तो म्हणाला, "सर, कोयते आहेत की हे." पुस्तकं या बुरशीच्या बीजाणूंना विळ्याची, चंद्रकोरीची उपमा देतात. ऊसतोडीच्या घरातल्या पोराला कोयता दिसला. मला त्याचं जास्त बरोबर वाटतं, कारण या बीजाणूंचं टोक खरोखर आकड्यासारखं वळलेलं असतं.

खोडाचा फोटो फ्लेक्सवाल्याच्या पडद्यावर आला तेव्हा मात्र गंमत झाली. मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि येऊन बघतो तर माझ्या अंगठ्याची सावली गायब. खोडावरचा एक ओरखडाही गायब. काळ्या रेघा थोड्या गडद. "स्वच्छ करून दिलं," तो म्हणाला. त्याचा रोजचा हात तो. नवरदेवाला दोन शेड गोरं करायचं, मामाच्या कपाळावरचा घाम पुसायचा, मुंबईला अडकलेल्या आमदाराला सत्काराच्या फोटोत आणून उभा करायचा. मी म्हणालो, हे चालत नाही. उजेड वाढवायचा तर सगळ्या चित्राचा सारखा वाढवायचा, एका जागी बोट लावायचं नाही, पुसायचं तर नाहीच. त्याने विचारलं, "कोण बघायलंय?"

बघतात. एलिझाबेथ बिक या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली २०,६२१ शोधनिबंधांतली चित्रं नजरेखालून घातली. त्यातल्या ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र दोनदा वापरलेलं, फिरवलेलं, जोडलेलं सापडलं. मी हे सांगितलं, पण त्याच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही. शंभरात चारच? त्याच्या धंद्यात शंभरात शंभर. तरी त्याने निमूट मागे मागे जात अंगठ्याची सावली परत आणली. मी मूळ फाइलीची प्रत वेगळी ठेवायला लावली, संपादकाने मागितली तर दाखवता यावी म्हणून. ती सावली आज निबंधात आहे.

आता कबुलीचा भाग. एरर बार.

हा माझा पहिला निबंध नव्हे. मधल्या काळात बढतीच्या गुणांसाठी एक निबंध मी पैसे भरून छापून घेतला होता, अशा एका नियतकालिकात जिथे परीक्षण तीन दिवसांत आटोपलं. फ्लेक्सवालासुद्धा पत्रिकेला चार दिवस घेतो. त्या निबंधातही स्तंभ होते आणि स्तंभांच्या डोक्यावर छोट्या नीटस दांड्या होत्या. कशाच्या, ते लिहिलेलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. त्या एसईच्या, म्हणजे स्टँडर्ड एररच्या होत्या. मी एसई घेतला, कारण एका ज्येष्ठ सहकाऱ्याने सांगितलं होतं, "एसडी लावू नका, फार लांब दिसतात." एसई म्हणजे एसडीला (स्टँडर्ड डेव्हिएशन, मानक विचलन) नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं. १६ शेतं असली की वर्गमूळ ४, म्हणजे दांडी एका फटक्यात चौथाई. खोटं काहीच नाही. एसडी सांगतो की शेताशेतांत किती फरक आहे, एसई सांगतो की सरासरीवर किती भरवसा ठेवावा. कोणतंही लावा, पण कोणतं ते लिहा. मी लिहिलं नाही, कारण मला फरक झाकायचा होता. हे वाक्य आज लिहायला सोपं जातंय. त्या वेळी मी ते स्वतःशीसुद्धा बोललो नसतो.

तर या खेपेला नियतकालिक म्हणत होतं की स्तंभ काढून टाका, ठिपके दाखवा. दुकानातून घरी आल्यावर ते कलम नीट वाचलं आणि मला रागच आला. स्तंभ कसे ठामपणे उभे राहतात. ठिपके म्हणजे भिंतीवर उडालेला चिखल. जेवण झाल्यावर चिडूनच बसलो आणि एका हंगामाचे १६ ठिपके टाकले.

सरासरी ज्या उंचीवर होती, तिथे एकही शेत नव्हतं.

ठिपक्यांचे दोन घोळके पडले होते. एक वर, मोठा, मर जास्त असलेला. एक खाली, पाच ठिपक्यांचा, मर कमी असलेला. मधे मोकळी जागा, आणि माझा स्तंभ तीन महिने त्या मोकळ्या जागेत डोकं वर काढून उभा होता. दुसरा हंगाम टाकला. तेच, थोडं पुसट. तिसरा टाकला. खाली तीच पाच शेतं. वाणाने ती वेगळी होत नव्हती, दोन्ही घोळक्यांत दोन्ही वाण होते. मग पेरणीची तारीख बघितली, नाही. रात्री साडेबारा वाजता मी वहीतला तो मनाला येईल तसा भरलेला रकाना वाचत होतो. पाचांपैकी तिघांपुढे 'ज्वारी' लिहिलं होतं. दोन ओळी कोऱ्या.

सकाळी त्या दोघांना फोन लावले. एकजण म्हणाला, चार तासं जवारी, एक तास तूर, बापापासून तसंच. दुसरा थोडा रागावलाच. "सर, पैल्या वर्षीच सांगितलं होतं की जवारीतली तूर उधळत नसती. तुमी मोजायलाव, म्हून परत बोललो न्हाई."

इथे कुणी डोळे पुसू नयेत. पाच ठिपक्यांवर दावा करता येत नाही. शिवाय मातीचा रकाना बघितला तर त्या पाचांतली तीन शेतं हलक्या, बरड रानातली निघाली. भारी रानातून खरिपाची जवारी सोयाबीनने केव्हाच हुसकावली, आता तूर बहुतेक ठिकाणी सोयाबीनच्या नाहीतर कपाशीच्या तासांमधे असते. जवारी राहिली ती जिथे दुसरं काही धड येत नाही तिथे. मग तूर वाचली ती जवारीमुळे, की रानामुळे? माझ्या आकड्यांना ते सांगता येत नव्हतं. आणि शोध म्हणावा तर तोही माझा नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संस्था १९७२ पासून आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकातच छापलं होतं की ज्वारीच्या आंतरपिकात तुरीची मर कमी राहते. मी ते पीएच.डी.च्या वेळी वाचलेलं होतं. खाली रेघही मारलेली सापडली, पेन्सिलीची. म्हणजे शेतकऱ्याने सांगितलं होतं, छापील कागदाने सांगितलं होतं, आणि मी तीन वर्षं त्या शेतांतून चालूनही ते पाहिलं नव्हतं. दिसलं कधी, तर एका अनोळखी माणसाने स्तंभ काढून टाका म्हटल्यावर.

निबंध अर्धा पुन्हा लिहावा लागला. शीर्षकातला ठाम शब्द गेला. निष्कर्षात 'असू शकेल' आलं, मर्यादांचा परिच्छेद तिप्पट झाला. सहलेखक वैतागला, म्हणाला, आकृती सुधारायला गेलात आणि निबंधच मोडून आणलात. ठिपक्यांना मी आंतरपिकाप्रमाणे आकार दिले, जवारीला त्रिकोण, बाकीच्यांना गोल. रंग निळा आणि नारिंगी. लाल-हिरव्याचं कारण तोवर कळलं होतं. युरोपी वंशाच्या पुरुषांत दर बारा जणांत एकाला त्या दोन रंगांत फरक करणं जड जातं. रोगट तूर लाल आणि निरोगी हिरवी दाखवणं मला इतकं स्वाभाविक वाटलं होतं की या अडचणीचा विचारच शिवला नाही. आकृतीखालचा मजकूर चार वेळा लिहिला. तो एकटा वाचला तरी समजला पाहिजे, किती शेतं, कोणते हंगाम, आडवी रेघ कशाची. एरर बार उरलाच नव्हता. सगळी शेतं समोर उभी असताना दांडी हवी कशाला?

सादर करण्याची रात्र सांगण्यासारखी नाही, पण थोडी सांगतो. गल्लीतली विजेची डीपी दुपारीच जळाली होती. मोबाइलच्या नेटवर ३८ एमबीची टिफ फाइल चढेना. फ्लेक्सवाल्याला फोन केला, तो कुणाच्या तरी हळदीत होता. मागे डीजे वाजत असताना ओरडून म्हणाला, "सर, सेव्ह करताना एलझेडडब्ल्यू दाबा!" त्या दाबण्याने ठिपका एकही न गमावता फाइल लहान झाली. संकेतस्थळाने लेखकाचं आडनाव विचारलं, मधलं नाव विचारलं, संशोधकाची ओळख सांगणारा १६ आकडी ऑर्किड क्रमांक मागितला. माझी आजवरची नावं छापून आली आहेत तीन तऱ्हेची, एकात तर वडील पहिले लेखक झालेत. संपादकाला पत्र, हितसंबंध नसल्याची हमी, ओळींना क्रमांक. पावणेदोनला हिरवी खूण आली तेव्हा लॅपटॉपची बॅटरी ६ टक्के होती.

निबंध सध्या परीक्षकांकडे आहे. त्याचं काय व्हायचं ते होईल.

मागच्या आठवड्यात पालमकडे गेलो होतो. ज्याने फोनवर रागावून घेतलं त्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर. आकृती ३ ची रंगीत प्रत सोबत होती, फ्लेक्सवाल्याने पत्रिकेच्या उरलेल्या जाड कागदावर काढून दिलेली, पैसे न घेता. तुरीच्या तुराट्या रचून ठेवल्या होत्या, त्या सावलीत बसलो. त्याने कागद बराच वेळ धरला. मी काही सांगायला तोंड उघडलं तर हाताने थांबवलं.

"ह्यात मी कुठला?"

मी खालच्या घोळक्यातला एक त्रिकोण दाखवला. त्याने त्यावर नख ठेवलं, मग हळूहळू वर सरकवत नेलं.

"आन् आमचा शेजारी?"

"दुसऱ्याचं सांगता येत नाही हो मामा. तसा नियम आहे."

"नका सांगू." त्याचं नख सगळ्यात वरच्या गोलाशी जाऊन थांबलं. "ह्यो हाय."

मी कागदाची घडी घालू लागलो. मान हलवली नाही, पण चेहरा काही मला झाकता आला नसावा, कारण तो आत वळून चहा टाकायला सांगताना हसत होता.